उभ्या पिकावरच्या तणनाशकाबद्दल आता तरी बोला

प्रति,
केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती,
राज्याचे कृषी आयुक्त,
आणि राहुरी, परभणी, अकोला व दापोली कृषी विद्यापीठांचे कुलगुरू यांस

विषय : काढणीच्या तोंडावर धान्यपिकांवर होणारी तणनाशकाची फवारणी आणि त्याबाबत आपण धरलेलं मौन

महोदय,

रब्बीच्या सुरुवातीला झालेल्या एका शेतकरी मेळाव्यात मी उभी राहून विचारलं, की काढणीच्या आठ-दहा दिवस आधी गव्हावर आणि हरभऱ्यावर तणनाशक मारायची पद्धत गावागावात शिरली आहे, ती योग्य आहे का? व्यासपीठावरून उत्तर आलं, "त्याची शिफारस नाही, त्यामुळे त्यावर काही बोलता येणार नाही." माईक पुढच्या माणसाकडे गेला. उत्तर देणाऱ्या साहेबांवर माझा राग नाही. वरून कागदच आला नसेल तर ते तरी काय बोलणार? कागद काढणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. आणि प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून ते खुलं.

माझी ओळख एवढीच. भीमेच्या खोऱ्यातलं काळं रान माझ्या नावावर आहे आणि ते मीच कसते. रब्बी ज्वारी, पाण्यावर थोडा गहू, हरभरा, आणि मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर मूग. दावणीला जनावरं आहेत. रानात हरळी, लव्हाळा आणि कुंदा, तिघंही मुक्कामाला. कुंदा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, भारी काळ्या जमिनीत खोलवर मुळ्या घालणारं हे गवत आहे, वरून कापलं की पुन्हा उभं राहतं. हरळी जमिनीवरून पसरते आणि जमिनीखालूनही. लव्हाळ्याच्या गाठी एकीला एक जोडलेल्या असतात. खुरप्याने वरचा पाला काढला की खाली निजलेली दुसरी गाठ फुटते. हंगामी तणाला खुरपणी पुरते, ह्यांना पुरत नाही.

त्यामुळे मी तणनाशकाच्या विरोधात आहे असा कोणी समज करून घेऊ नये. खुरपायला माणूस मिळत नाही आणि मिळालं तरी रान निघेपर्यंत पदरचे पैसे संपतात, हे मी खुरपं हातात धरूनच शिकले आहे. काढणीआधी तणनाशक मारण्याची कल्पनाही वेड्यासारखी नाही. ब्रिटनमध्ये 1980 च्या सुमारास गहू-बार्लीच्या उभ्या पिकात ग्लायफोसेट हे तणनाशक मारायला सुरुवात झाली ती काउच ग्रास नावाच्या गवतासाठी. त्याचंही खोड हरळीसारखंच जमिनीखाली पळतं. पीक पिकून वाळायला लागतं तेव्हा बारमाही तण हिरवंच असतं आणि पानात तयार झालेली साखर खाली मुळाखोडात साठवत असतं. ग्लायफोसेट पानातून आत शिरतं आणि त्या साखरेच्या वाटेनेच खाली उतरतं. तिथे तणाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार व्हायची थांबतात आणि मुळाखोडासकट तण मरतं. कुदळीने जे साधत नाही ते इथे साधू शकतं.

पण तिथल्या लेबलवर अटी आहेत. दाण्यातला ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय फवारायचं नाही. ते ओळखायची शेतातली खूणही सांगितलेली आहे : दाण्यावर अंगठ्याचं नख दाबायचं, नखाची रेघ तशीच राहिली तर दाणा तयार, भरून आली तर थांबायचं. फवारणीनंतर गव्हाला निदान 7 दिवस कापणी नाही. बियाण्यासाठी राखलेल्या पिकावर नाही. तण हिरवं आणि वाढीत असलं पाहिजे. आमच्याकडे येताना ह्या अटी बंदरावरच राहिल्या आणि बाटली तेवढी गावात पोचली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आपल्या गप्प बसण्याची. ग्लायफोसेटची नोंदणी आपल्या देशात चहाचे मळे आणि बिगरपीक क्षेत्र एवढ्यापुरती आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच वापरावं असं म्हटलं. आमच्या गावात असा परवानाधारक आजवर कोणी पाहिलेला नाही. शहरात वाळवी आणि उंदीर मारायला येतात तेच ते लोक. बाटली मात्र कोणालाही मिळते. पॅराक्वाट ह्या दुसऱ्या तणनाशकाची नोंदणी काही पिकांना आहे, पण मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या डोक्यावर काढणीआधी मारायला नाही. तरी मी एका दुकानातून आलेली चिठ्ठी पाहिली आहे. कागदाच्या कपट्यावर वर "हरभरा वाळवणे", खाली औषधाचं नाव आणि पंपाला किती टोपणं ते. सोबतच्या बिलावर पिकाचं नाव नव्हतं. दुकानदाराला काय लिहायचं आणि कुठे लिहायचं नाही हे चांगलं कळतं.

कीटकनाशक कायदा 1968 सालचा. त्याच्या कलम 38 प्रमाणे शेतकऱ्याने स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीत केलेला वापर कायद्याच्या बाहेर ठेवला आहे. ते योग्यच आहे, नाहीतर आम्हालाच पहिल्यांदा उचललं असतं. पण मग आमच्या आणि चुकीच्या फवारणीच्या मध्ये उरतं काय? फक्त माहिती. तीच आपण देत नाही. नोंदणी नसलेल्या पिकासाठी औषध सुचवणाऱ्याला जाब विचारायला कोणी फिरकत नाही, आणि शिफारस नाही म्हणून शास्त्रज्ञ बोलत नाहीत. शिफारस नसण्याचा अर्थ दुकानात "बंदी तर नाही ना" असा लावला जातो, हे आपल्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

दुसरी तक्रार. तण मारणं आणि पीक वाळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती आज एकाच नावाने चालली आहेत. हार्वेस्टरवाला सांगतो, रान कोरडं पाहिजे, हिरवं गुंतलं तर मशीन घालणार नाही. म्हणून लोक पॅराक्वाट मारतात. दोन-तीन दिवसांत सगळं करपतं, हार्वेस्टर फिरतो, आणि शेतकऱ्याला वाटतं तणही गेलं. पॅराक्वाट पडेल तेवढंच पान जाळतं, मुळाकडे उतरत नाही. अशा एका रानात काही आठवड्यांनी मी कुदळीने हरळी उकरून पाहिली. वरचं सगळं तपकिरी. खाली पांढरी कांडी तशीच टणक, आणि प्रत्येक पेरावर तांदळाच्या कणीएवढा नवा कोंब. पैसा गेला, धान्यावर विष पडलं आणि हरळी शाबूत राहिली. ज्याने फवारलं तो पुढच्या वर्षी "डोस कमी पडला" म्हणून दोन टोपणं वाढवणार, कारण त्याला दुसरं काही सांगायला कोणी येत नाही.

युरोपीय संघाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्लायफोसेटला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. ती देतानाच, काढणीची वेळ साधण्यासाठी किंवा मळणी सोपी व्हावी म्हणून पीक वाळवायला ते मारायचं नाही, अशी अट घातली. औषधाच्या बाजूने निर्णय देणाऱ्यांनीसुद्धा दोन कामांत फरक केला. आपण तो फरक बोलूनही दाखवलेला नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही. ही पद्धत आमच्या हवेत चालते का? ब्रिटनमध्ये गहू ऑगस्टमध्ये निघतो. जमिनीत ओल असते, तण ताजं हिरवं असतं, पानांवर धूळ नसते. आमची कोरडवाहू ज्वारी माघ-फाल्गुनात निघते. तेव्हा भेगाळलेल्या जमिनीत हरळी अर्धी वाळलेली असते, पानं बारीक, त्यावर गाडीवाटेची धूळ. ताणावर असलेलं तण साखर खाली पाठवायचं काम जवळजवळ थांबवतं, मग औषध कशाबरोबर उतरणार? शिवाय ग्लायफोसेट मातीच्या कणाला घट्ट धरतं, म्हणजे धुळकट पानावर ते निम्मं वाया. त्यात पंपात ओतायचं ते बोअरचं पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की भांड्याला पांढरा थर बसतो; त्यातला कॅल्शियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतो. एवढ्या अडचणी ओलांडून किती औषध मुळापर्यंत पोचत असेल? पाण्यावरच्या गव्हात चित्र थोडं वेगळं असेल, तिथे काढणीच्या वेळी हरळी हिरवी असते. पण "असेल" म्हणून किती दिवस भागवायचं? जबलपूरला देशाचं तण संशोधन संचालनालय आहे, राज्यात चार विद्यापीठं आहेत, दरवर्षी त्यांच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त ॲग्रेस्कोची बैठक भरते आणि त्यातून शिफारशी निघतात. कुंद्याच्या, हरळीच्या आणि लव्हाळ्याच्या रानात काढणीआधी, काढणीनंतर आणि पडीवर फवारून, पुढच्या हंगामात किती फुटवे आले ते मोजलेलं, आम्हाला वाचता येईल असं एक पान तरी द्या.

मुगाचं आणखी निराळं. गव्हाचं शेत साधारण एका वेळी पिकतं. मुगाच्या एकाच झाडावर काळी शेंग, हिरवी शेंग आणि फूल एका दिवशी सापडतं. हरभऱ्यालाही जमिनीत ओल राहिली तर खालचे घाटे वाळलेले आणि शेंड्याला कोवळे. नखाची परीक्षा कुठल्या दाण्यावर घ्यायची? असं पीक एकदम वाळवायचं म्हणजे काही दाणे कोवळे असतानाच त्यांच्यावर औषध जाणार, आणि कोवळ्या दाण्यात ग्लायफोसेट पानातून उतरून साठतं. ब्रिटनच्या लेबलवरची तीस टक्क्यांची अट ह्याच कारणासाठी आहे.

आता कडब्याबद्दल. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरच्या देशांतल्या अहवालांत कडबा नसतो.

रब्बी ज्वारी आम्ही दाण्यासाठी जेवढी पेरतो तेवढीच कडब्यासाठी. मालदांडी हा ज्वारीचा जुना वाण अजून टिकून आहे ती भाकरीच्या चवीमुळे आणि तिच्या उंच, गोड कडब्यामुळे. दुष्काळाच्या वर्षी तर दाण्यापेक्षा पेंढीची चौकशी जास्त. ज्वारी उपटली, कणसं मोडली, पेंढ्या बांधल्या आणि गंज रचली, की ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत जनावरांच्या पोटात जाते. फवारणी केली तर औषध दाण्यापेक्षा काडीवर आणि पानावर कितीतरी जास्त राहतं, कारण उघडं तेच असतं. गव्हाचा भुसा आणि हरभऱ्याची गुळी ह्यांचीही तीच गत. दाणा एकदा पाखडला जातो, निवडला जातो, धुतला जातो. कडबा कोणी धुत नाही. म्हैस तो रोज खाते, वर्षभर खाते. फवारलेल्या ज्वारीचा कडबा किती दिवस जनावरापुढे टाकायचा नाही? गाभण जनावराला चालतो का? दुधात काही उतरतं का? हे प्रश्न मी गुरांच्या डॉक्टरांना विचारले, त्यांनी ते कृषी सहायकांकडे पाठवले, कृषी सहायकांनी खांदे उडवले. आणि हुरड्याचं काय? शेजारच्या रानात कोणी काय मारलंय हे हुरडा भाजणाऱ्या पोरांना कोण सांगणार?

बियाण्याची तक्रार तर आपल्याच घरातली आहे. दरवर्षी खरिपाआधी कृषी खातं आम्हाला सांगतं, की सोयाबीनचं घरचं बियाणं राखा, गोणपाटावर शंभर दाणे घालून उगवणक्षमता तपासा. सल्ला उत्तम आहे, मी पाळते. त्याच सोयाबीनवर काढणीआधी तणनाशक मारलं असेल तर दाण्याची उगवण आणि रोपाचा जोम घटू शकतो, म्हणूनच बाहेरच्या लेबलांवर बियाण्याच्या पिकाला सक्त मनाई असते. हे वाक्य मात्र घरच्या बियाण्याच्या एकाही पत्रकात मला दिसलं नाही. आम्ही ज्वारी, हरभरा, मूग ह्यांचंही बी घरचंच ठेवतो, शेजाऱ्याकडून पायलीने बदलून घेतो. ज्याच्याकडून घेतलं त्याने काय मारलं होतं हे बी बोलत नाही. उगवलं नाही की दोष पावसाला.

माणसांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ते प्रकरण कपाशीतल्या कीटकनाशकांचं होतं, पण फवारणारा माणूस तोच, पंप तोच आणि तोंडाला बांधलेलं उपरणंही तेच. पॅराक्वाटवर उतारा नाही. केरळने ते 2011 मध्येच बंद केलं, युरोपात 2007 पासून ते नाही. काढणीआधी फवारलं तर पुढच्या आठवड्यात त्याच रानात हातमोजे न घालता ज्वारी उपटायला आणि हरभरा काढायला बायाच उतरतात. कोणत्या दिवशी काय मारलं, हे त्यांना सांगायची सक्ती कोणावर नाही.

कर्करोगाच्या वादात मी पडत नाही. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" गटात घातलं, युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसं मानलं नाही. ते शास्त्रज्ञांनी मिटवावं. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आणि साधा आहे : ज्या वापराला परवानगी नाही, चाचणी नाही, थांबायचे दिवस ठरलेले नाहीत, तो डोळ्यांदेखत चालू का आहे?

आणि ह्याची शिक्षा कोणाला होते तेही पाहा. जून 2025 मध्ये मध्य प्रदेश सरकारने उन्हाळी मूग हमीभावाने घ्यायला आधी नकार दिला, कारण शेतकरी मुगावर तणनाशक फार मारतात. हमीभाव होता क्विंटलला 8682 रुपये. शेतकरी रस्त्यावर आले, मग काही दिवसांत खरेदी जाहीर झाली. नकारही माल घरात आल्यावर आणि होकारही माल घरात आल्यावर. पेरणीआधी कोणी म्हणालं असतं, की फवारलेला मूग घेणार नाही, तर निदान काही जणांनी हात आवरला असता. शेवटी काय झालं? फवारणारा आणि न फवारणारा एकाच भावात गेले, आणि तपासणीचा विषय बाजूलाच पडला. उद्या हीच पाळी आमच्या हरभऱ्यावर येणार.

दुसऱ्या बाजूला कॅनडातून मसूर येतो. तिथे मसुरावर काढणीआधी ग्लायफोसेट मारणं कायदेशीर आहे. 2018 मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळींसाठी कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची, मर्यादा धरायला सांगितली. मसुराला ती किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे. गव्हाला कोडेक्स 30 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं, युरोप 10 वर थांबतो. आकडा कोणता बरोबर, ते मी ठरवू शकत नाही. पण बाहेरून येणाऱ्या धान्याला आकडा आहे आणि आमच्या धान्याला थेट नकार आहे, हा कुठला न्याय?

पर्याय नसता तर मी एवढं बोलले नसते. पर्याय आमच्या पीकपद्धतीतच आहे. आमच्याकडची कितीतरी रानं खरिपात पड असतात, पीक फक्त रब्बीचं. आषाढापासून भाद्रपदापर्यंत त्या पडीवर हरळी आणि कुंदा जोमात, हिरवेगार, धुळीविना उभे असतात. ज्वारीची पेरणी उत्तरा-हस्तात. बारमाही तणाला मुळापर्यंत औषध पोचवायचं असेल तर ह्याहून चांगली वेळ वर्षात नाही, आणि रानात तेव्हा खाण्याचा एक दाणाही नसतो. मूग लवकर निघाला तर त्याच्या मागेही अशीच काही आठवड्यांची फट मिळते. तण वीतभर फुटू द्यायचं, फवारायचं, औषध खाली उतरायला वेळ द्यायचा आणि मगच कुळवाची पाळी. पण लेबलवरच्या "बिगरपीक क्षेत्र" ह्या शब्दांत माझं पड रान बसतं की नाही, हेच कोणी सांगत नाही. बांध आणि रस्त्याची कड बसते म्हणे. सात-बाऱ्यावर ज्याला पड म्हणतात त्याचं काय?

दुसरा पर्याय उन्हाळी नांगरटीचा. चैत्र-वैशाखात ढेकळं उलथून हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, उन्हात पडल्या की बऱ्याच मरतात. राहिलेल्या वेचाव्या लागतात. त्याऐवजी आज अवजारांच्या अनुदानातून घरोघर रोटाव्हेटर आला आहे. रोटाव्हेटर हरळीचे पेरापेरावर तुकडे करतो आणि रानभर पसरतो, म्हणजे ऊस लावावा तशी हरळीची लागवड होते, तीही सरकारी अनुदानात. पलटी नांगराला आणि काशा ओढून काढणाऱ्या अवजाराला तेवढंच प्रोत्साहन का नाही?

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. ह्या रब्बीची काढणी सुरू व्हायच्या आत एक पानी, मराठीत, सही-शिक्क्याचं पत्रक काढा. मूग, हरभरा, ज्वारी आणि बियाण्यासाठी राखलेलं कुठलंही पीक ह्यांच्यावर काढणीआधी तणनाशक मारू नये, असं त्यात स्पष्ट लिहा आणि का ते दोन ओळींत सांगा. "शिफारस नाही" हे शब्द त्यात नकोत.

दोन. पाण्यावरच्या गव्हाबद्दल चाचण्या घ्या. दाणा, भुसा आणि पुढच्या हंगामातले फुटवे, तिन्ही मोजा. निकाल हाती येईपर्यंत तिथेही नाही म्हणा. चाचणीचा खर्च औषध विकणाऱ्या कंपन्यांकडून घ्या, पण मोजणी विद्यापीठाने करावी.

तीन. पेरणीआधीच्या पड रानातल्या बारमाही तणासाठी कोणतं औषध, किती, कधी आणि त्यानंतर किती दिवसांनी पेरणी, ह्याचा निर्णय नोंदणी समितीने घ्यावा. परवानगी द्यायची तर ती वापरता येईल अशी द्या. गावात नसलेल्या परवानाधारकाची अट घालून दिलेली परवानगी कागदावरच राहते.

चार. तणनाशकाच्या प्रत्येक बिलावर पीक आणि तण ह्यांची नावं लिहायची सक्ती करा. नोंदणीत नसलेल्या पिकासाठी औषध देणाऱ्या विक्रेत्यावर कारवाई करा. शेतकऱ्याच्या बांधावर पोलीस पाठवू नका.

पाच. खरेदी केंद्रावर अवशेषांची तपासणी करायची असेल तर ती पेरणीआधी जाहीर करा. नमुने कसे घेणार, मर्यादा किती आणि नापास मालाचं काय करणार, हे आधी सांगा. आयात धान्यालाही तीच मोजपट्टी लावा आणि दोन्हींचे निकाल एकाच ठिकाणी छापा.

सहा. लोक पीक वाळवायला औषध मारतात त्यामागे ओलाव्याची भीती आहे. सोयाबीनला 12 टक्क्यांची मर्यादा असते. 2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल करावी लागली, ह्यावरूनच अडचण कळते. गावात वाळवणीचे ओटे आणि ताडपत्र्या द्या, खरेदी केंद्रावर शेतकऱ्याला स्वतः वापरता येईल असं ओलावामापक ठेवा.

सात. कडब्याबद्दल पशुसंवर्धन खात्याला सोबत घेऊन लेखी सल्ला द्या. आतापर्यंत ज्यांनी फवारलं आहे त्यांच्या गंजी आज उभ्या आहेत. तो कडबा जनावरांना घालायचा की नाही, हे त्यांना आजच कळायला हवं.

ह्या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक पाठवू नये. ते पत्रक काढून प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर, तणनाशकाच्या जाहिरातीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावं. हरभऱ्याचे घाटे भरायला आले आहेत, आणि चिठ्ठ्या लिहून द्यायला दुकानांनी सुरुवातही केली आहे.

आपली,
भीमेच्या खोऱ्यातली एक रब्बी शेतकरी